नाताळच्या आभारात माझं नाव राहिलं, आणि मला राग आला

फ्यूजवाला, २६ डिसेंबर, रात्री ११.४०

सलाम मंडळी. घरात बोलता येईना, चर्चमध्ये तर नाहीच नाही, म्हणून इथं लिहितोय. ओळख विचारू नका. सोलापुरात तिसरा माणूस ओळखीचाच निघतो.

धंदा इलेक्ट्रिकचा. आमच्या चर्चची वायरिंग फार जुनी, लाकडी पट्ट्यांतली. वायरीला हात लावला की वरच्या रबराचा भुगा व्हायचा. पावसाळ्यात वेदीमागच्या भिंतीला टेकलं की झिणझिण्या. पंच कमिटीत तीन वर्षं नुसती चर्चा. शेवटी नोव्हेंबरात मीच म्हणालो, माल तुम्ही आणा, मजुरी नको. मग दुकान बंद केल्यावर रात्री नऊ ते साडेबारा, अशा अकरा रात्री मी आणि भाचा. सगळ्या वायरी नव्या, नवा बोर्ड, एमसीबी, मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा खणून त्यात मिठाचा थर, कोळशाचा थर.

२५ ला उपासना झाली. सेक्रेटरी आभाराला उठले. केकवाले झाले, सजावटीची पोरं झाली, चहावाले झाले, मांडववालासुद्धा झाला, ज्याला आपण रोख पैसे मोजतो. आता आपलंच म्हणून मी तिसऱ्या बाकावर सरळ होऊन बसलो. खोटं कशाला बोलू, नाव आलं की मान किती खाली घालायची, "अहो त्यात काय" असा हात कसा हलवायचा, ते सगळं मनात एकदा करून झालं होतं. नाव आलंच नाही. आशीर्वाद झाला, माणसं उठली, एकमेकांना नाताळच्या शुभेच्छा द्यायला लागली.

घरी मटण होतं. भूक नाही म्हणालो. बायको म्हणाली, "नाव राहिलं म्हणून ना? तुम्ही कॉलर नीट केलीत ती मी बायकांच्या बाजूनं बघितली."

बारा वर्षं शब्बाथशाळेत शिकवतोय. 'जो अभिमान बाळगतो, त्याने परमेश्वराविषयी तो बाळगावा', पहिले करिंथ १:३१, हे किती पोरांकडून पाठ करून घेतलं असेल त्याला हिशोब नाही. मग पोटात हे काय जळतंय? नम्रता म्हणजे राग येऊच नये, की आलेला गिळावा?

शेंगाचटणी, २७ डिसेंबर, सकाळी ७.०५

दादा, साहजिक आहे. अकरा रात्री म्हणजे काय खायचं काम आहे का? सेक्रेटरीला फोन लावा आणि विचारा सरळ.

नवी_पेठ, २७ डिसेंबर, सकाळी ७.५०

मत्तय ६:३. तुझा उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. विषय संपला.

फ्यूजवाला, २७ डिसेंबर, सकाळी ८.१५

नवी_पेठ, वचन माहीत आहे हो. वायरिंगचं काम दोन्ही हातांनी करावं लागतं, हीच पंचाईत.

नवी_पेठ, २७ डिसेंबर, सकाळी ८.२०

😄 बरोबर. मागे घेतो.

करडी_दाढी, २७ डिसेंबर, दुपारी २.३०

जरा लांब लिहितो, निवृत्त माणूस आहे, सवड आहे.

ज्या वचनावर तुम्ही अडलात ते प्रेषित पौलाने कोणत्या गावाला लिहिलं ते बघा. करिंथ. जुनं करिंथ रोमनांनी इ.स.पूर्व १४६ मध्ये पाडलं आणि इ.स.पूर्व ४४ मध्ये जूलियस सीझरने ते नव्याने वसवलं. वस्तीला आलेल्यांत गुलामगिरीतून सुटलेली माणसं पुष्कळ. बापजाद्यांचं नाव नाही, हाती नवा पैसा, मग नाव कमवायचा मार्ग एकच: काहीतरी बांधा आणि पाटी लावा. तिथल्या नाट्यगृहाजवळ १९२९ मध्ये फरसबंदीवर कोरलेला एक लेख सापडला. मजकूर साधारण असा, की एरास्तसने नगराधिकाऱ्याचं पद मिळाल्याबद्दल ही फरशी स्वखर्चाने घातली. रोमकरांच्या पत्राच्या शेवटी पौल ज्या एरास्त नावाच्या नगर-खजिनदाराचा सलाम कळवतो, तो हाच की दुसरा, यावर विद्वानांचं अजून भांडण आहे. ते राहू द्या. मुद्दा असा, की आपल्याकडे पंख्याच्या पात्यावर आजोबांचं नाव असतं, तिथे फरशीवर असायचं. पौल पत्र लिहीत होता तो अशा गावाला, जिथे पाय ठेवाल तिथे कोणाचं तरी नाव.

त्या गावच्या मंडळीत तट पडलेले. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा. म्हणजे स्वतःचं नाव नसेल तर निदान ज्याचं नाव मोठं त्याच्या पाटीखाली उभं राहायचं. त्यावर पौल जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याचं वचन काढतो. यिर्मयाच्या नवव्या अध्यायात तीन माणसं आहेत: ज्ञानी, बलवान आणि श्रीमंत. तिघांनाही सांगितलंय की बाबांनो, आपापल्या गोष्टीची फुशारकी मारू नका. मारायचीच असेल तर मला ओळखता याची मारा. 'मारायचीच असेल तर' हे नीट ऐका. माणूस कशाचीच फुशारकी न मारता जगेल अशी यिर्मयाचीही अपेक्षा दिसत नाही, पौलाचीही नाही. ती कशावर टाकायची, एवढाच प्रश्न आहे.

आणखी एक, शब्दाचं. ग्रीकमध्ये 'कौखाओमाई' असं क्रियापद आहे. ते आणि त्याची भावंडं नव्या करारात जवळजवळ सगळी पौलाच्याच पत्रांत येतात. मराठीत ते कुठे 'अभिमान', कुठे 'आढ्यता', कुठे 'प्रौढी' असं उतरतं. आता 'अभिमान' हा आपला शब्द दोन्ही डगरींवर हात ठेवणारा. संतांच्या मराठीत अभिमान म्हणजे टाकून द्यायची गोष्ट. आजच्या मराठीत मुलगी दहावीला पहिली आली की अभिमान वाटतो, त्यात कोणाला पाप दिसत नाही. मूळ शब्दही तसाच दुतोंडी आहे. एकच शब्द पौल करिंथकरांना दटावायलाही वापरतो आणि वधस्तंभाबद्दल बोलतानाही. गलती ६:१४ काढून बघा.

तेव्हा तुमच्या पोटात जे जळतंय त्याला मी पाप-बिप म्हणणार नाही. हाक ऐकायला कान टवकारलेले होते आणि हाक आली नाही, एवढंच.

फ्यूजवाला, २७ डिसेंबर, रात्री १०.१०

काका, फरशीचं मुलांना सांगणार. पाटी लावा असं मात्र मी म्हटलेलं नाही हं. तोंडानं नुसतं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

करडी_दाढी, २७ डिसेंबर, रात्री १०.२५

एरास्तसही आधी तसंच म्हणाला असेल.

बायबलबाईची_नात, २८ डिसेंबर, सकाळी ११.००

काल वाचलं, रात्रभर डोक्यात राहिलं. भाऊ, रागावू नका, पण तुमचं नाव एका नाताळला राहिलं. नाताळच्या आधी चर्चच्या फरशा कोण धुतं, माहितीय? प्रभुभोजनाचे पेले कोण घासतं? त्या चहाची चार पातेली कोणी उपसली? 'महिला मंडळाचे आभार' म्हटलं की चाळीस बायका एका शब्दात आटोपल्या. तुमच्या घरी मटण होतं ते तर तुम्ही स्वतःच लिहिलंय, ते कोणी केलं ते नाही, आणि वर भूक नाही म्हणून सांगितलंत.

हे झालं भांडण. आता दुसरं.

मला चर्चमधल्या नम्रतेच्या संदेशांचा मनापासून कंटाळा आलाय. कारण सांगते. माझी पणजी बार्शी तालुक्यातली. गावकुसाबाहेरचं घर. विहिरीवर चढायची सोय नाही, वरून कोणी ओतलं तर पाणी. मिशनच्या बाईंनी तिला अक्षरओळख करून दिली आणि पुढे ती बायबलबाई झाली. म्हणजे खेडोपाडी पायी फिरून बायकांना वचन वाचून दाखवणारी. आजी सांगायची, पणजी वाटेनं चालायची ती मान वर करून. पायात चप्पल. त्या गावात त्या काळी त्या वस्तीतल्या बाईच्या पायात चप्पल म्हणजे काय ते कळणाऱ्याला कळेल. लोक म्हणायचे, बाटली आणि माजली.

तिला कोणी नम्रता शिकवायला हवी होती का? मान खाली घालणं तिच्या घरात सात पिढ्यांचं होतं. तिला येशूनं दिलं ते उलटं. याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात आहे: दीन स्थितीतल्या भावाने आपल्या उच्च स्थितीचा अभिमान बाळगावा, आणि धनवानाने आपल्या दीन स्थितीचा. दोघांना औषध वेगळं आहे. आमच्याकडे सगळ्यांना एकाच बाटलीतलं पाजतात, आणि संदेश देणारा बहुधा पहिल्या बाकावरच्यांतला असतो.

त्यामुळे करडी_दाढी काकांचं 'अभिमान दुतोंडी' मला पटलं. पणजीची ताठ मान आणि भावांची ताठ कॉलर एक नाही.

शेंगाचटणी, २८ डिसेंबर, सकाळी ११.२०

ताई 🙏 कॉलर लईच लागली.

फ्यूजवाला, २८ डिसेंबर, दुपारी १.४५

लागली. दुकानात बसून तीनदा वाचलं. बायकोला वाचायला दिलं. ती म्हणाली, पेल्यांचं काम माझ्याकडे सहा वर्षं आहे, तुम्हाला माहीत होतं का? नव्हतं.

टॉवेल_कामगार, २८ डिसेंबर, संध्याकाळी ७.३०

अवांतर: योहान १३ मध्ये येशूनं शिष्यांचे पाय धुतले तिथं मराठीत 'रुमाल' कमरेला बांधला असं आहे. मी एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करतो. बारा माणसांचे चोवीस पाय रुमालानं पुसून होत नाहीत. टेरी टॉवेलच पाहिजे, तोही चांगल्या जीएसएमचा, म्हणजे जाड वजनदार. 😀

पण खरं, त्या धड्यात मला एक गोष्ट नेहमी खटकायची. तिथं पाय धुवायच्या आधी लिहिलंय की पित्यानं सगळं आपल्या हाती दिलंय, आपण देवाकडून आलो आणि देवाकडं चाललो, हे ओळखून तो उठला. मला वाटायचं, मोठेपणाची एवढी प्रस्तावना कशाला? आता ताईंचं वाचल्यावर वाटतं, ते ओळखून होता म्हणूनच वाकला. ज्याला आपण कोण ते माहीत नाही तो वाकतो तेव्हा नुसता दबलेला असतो. हे मला नीट लिहिता येईना, समजून घ्या.

पंढरीची_वाट, २८ डिसेंबर, रात्री ९.००

मी ख्रिस्ती नाही, पंढरपूरचा. धाग्यात घुसतोय, चालेल ना? आमच्याकडे विठ्ठल मंदिरात शिरताना महाद्वारी नामदेव पायरी लागते. नामदेवांनी मागणं मागितलं म्हणतात, की मला पायरी कर, येणाऱ्या-जाणाऱ्या संतांची पायधूळ माझ्यावर पडू दे. समोरच चोखोबांची समाधी. म्हणजे ज्याला आत येऊ दिलं नाही तो दाराबाहेर, आणि ज्यानं बाहेर राहायचं मागून घेतलं तोही दाराशीच. बायबलबाईच्या नातताईंचं वाचून मला आज पहिल्यांदा या दोघांतला फरक जाणवला. वारीत आम्ही एकमेकांच्या पाया पडतो, पण चोखोबांचं आयुष्य पायाशीच गेलं.

बाकी नाव असूनही तुडवलं जाणारं दगडी काम एकच बघितलंय, ती पायरी.

करडी_दाढी, २८ डिसेंबर, रात्री ९.४०

माउली, या, बसा. हा पूल आमच्याच लोकांनी आधी ओलांडलाय. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, पण तुकोबांना त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. आमच्या उपासनेतली निम्मी भजनं त्याच चालीवरची.

तारलेला_२०१९, २९ डिसेंबर, सकाळी ६.१५

प्रभूची स्तुती असो. सगळी चर्चा वाचली, वाईट वाटलं. जातपात, विद्वान, पंढरपूर, हे सगळं जगाचं. माझं मत सरळ आहे. मला घराचा, पैशाचा, शिक्षणाचा, नावाचा कशाचाही अभिमान नाही. फक्त माझ्या विश्वासाचा अभिमान आहे. २०१९ मध्ये दारू सुटली, त्या दिवसापासून एक दिवसही पहाटेची प्रार्थना चुकली नाही. ज्यांचा विश्वास असा पक्का असतो त्यांना आभाराची भूक लागतच नाही. फ्यूजवाला भावानं विश्वास तपासावा.

शेंगाचटणी, २९ डिसेंबर, सकाळी ८.००

का बे, सकाळी सकाळी?

बायबलबाईची_नात, २९ डिसेंबर, सकाळी ९.१०

भाऊ, दारू सुटली याचा आम्हालाही आनंद आहे, मनापासून. पण तुमच्या पोस्टीत 'मी' आणि 'माझं' मोजून बघा.

करडी_दाढी, २९ डिसेंबर, दुपारी १२.००

तारलेला, तुमच्यावर तुटून पडायचं नाही. उलट खरा पेच तुम्हीच मांडलात. 'फक्त विश्वासाचा अभिमान' हे ऐकायला बरोबर वाटतं, मीही चाळीस वर्षं तसंच म्हणत होतो. पण पौल असं म्हणत नाही. तो प्रभूविषयी अभिमान म्हणतो, वधस्तंभाविषयी म्हणतो. माझ्या विश्वासाविषयी म्हणत नाही. रोम ३:२७ मध्ये तो विचारतो, मग अभिमान कुठे राहिला? उत्तर: त्याला बाहेर काढलंय. आणि कशाने काढलंय? कर्मांच्या नियमाने नव्हे, विश्वासाच्या नियमाने. म्हणजे विश्वास हा अभिमानाला दाराबाहेर नेऊन सोडणारा गडी. त्यालाच आपण आत आणून पाटावर बसवलं तर काय म्हणावं?

रेशनच्या रांगेत गहू मिळाले. माणूस घरी येऊन गव्हाचं कौतुक करेल, दुकानदाराचं करेल, फार तर नशिबाचं करेल. 'बघा, मी पिशवी किती छान उघडी धरली होती' असं कोणी सांगतं का? विश्वास म्हणजे ती उघडी पिशवी. पहिले करिंथ ४:७: तुला दिलेलं नाही असं तुझ्याजवळ आहे तरी काय?

लूक १८ मधला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा तो माणूस, आठवा. त्याची प्रार्थनाही आभारप्रदर्शनच होती. 'हे देवा, मी तुझे आभार मानतो' अशी सुरुवात, आणि पुढच्या सगळ्या यादीत नाव एकच.

तारलेला_२०१९, २९ डिसेंबर, दुपारी ३.३०

काका, तुमचं बरोबर असेल. पण एक सांगतो. माझ्याकडे दुसरं काहीच नाही. शिक्षण आठवी, नोकरी गेली, भाऊ बोलत नाही. पहाटे उठतो ही एकच गोष्ट मी गेल्या आयुष्यात धड केली. तीही माझी नाही म्हणता, तर हातात काय राहिलं?

करडी_दाढी, २९ डिसेंबर, रात्री ८.५०

दुपारपासून तुमच्या प्रश्नाला उत्तर शोधतोय. मी पुस्तकातलं बोललो, तुम्ही जगण्यातलं बोललात. क्षमा करा. पहाटे उठत राहा.

मोदीखाना, ३० डिसेंबर, सकाळी १०.२०

वातावरण गंभीर झालंय, म्हणून टोपलीची गोष्ट सांगतो. तारलेला भाऊंसाठीच आहे.

रोमन सैन्यात शत्रूच्या तटावर सगळ्यांत आधी चढणाऱ्या शिपायाला सोन्याचा मुकुट मिळायचा, तटाच्या आकाराचा. म्हणजे आपलं वीरचक्र समजा. आता दुसरे करिंथ, अकरावा अध्याय. लोक आपापल्या मोठेपणाच्या याद्या काढतायत, म्हणून पौलही चिडून काढतो. तुरुंग, फटके, तीनदा जहाज फुटलं, एक रात्र नि एक दिवस समुद्रात. यादी चढत चढत जाते, आता शेवटी काहीतरी जबरदस्त येणार असं वाटतं. आणि शेवटी येतं काय? दिमिष्कात, म्हणजे दमास्कसमध्ये, राजा अरीतच्या अधिकाऱ्यानं मला धरायला पहारा बसवला, तेव्हा मला टोपलीत घालून खिडकीतून तटाखाली सोडलं. जगातले वीर तटावर आधी चढले म्हणून मुकुट घेतात, हा तटावरून आधी उतरल्याचं मिरवतो, तेही भाजीच्या गठ्ठ्यासारखा.

मला ही बायबलातली सगळ्यांत विनोदी जागा वाटते. चर्चमध्ये वाचतात तेव्हा कोणी हसत नाही.

तारलेला_२०१९, ३० डिसेंबर, सकाळी १०.५०

मी हसलो. दारू सोडायच्या आदल्या रात्री मलाही चौघांनी असंच उचलून आणलं होतं. 🙏

लोकल_पॅसेंजर, ३१ डिसेंबर, दुपारी १२.१५

पुण्याच्या गाडीत बसून लिहितेय, आत्ताच केडगाव गेलं, म्हणून आठवलं. पंडिता रमाबाईंना 'पंडिता' नि 'सरस्वती' या पदव्या कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये दिल्या, तेव्हा त्या विशीत होत्या. संस्कृत एवढं की भलेभले गप्प. त्याच बाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबलचं मराठी भाषांतर करायला घेतलं तेव्हा हिब्रू-ग्रीक शिकल्या, आणि भाषांतर मात्र असं साधं केलं की नुकतीच अक्षरं जुळवायला शिकलेल्या बाईला कळावं. जड संस्कृत शब्द टाळायचे. छपाईचे खिळे जुळवायला, छापायला तिथल्याच बायका. १९२२ मध्ये त्या गेल्या. जे येतं ते न दाखवणं मला फार अवघड वाटतं. मी एमए मराठी आहे, मला साधी चिठ्ठीसुद्धा साधी लिहवत नाही.

शेंगाचटणी, ३१ डिसेंबर, दुपारी १२.३०

+१. आणि ही पोस्ट साधीच झालीय ताई, काळजी नको.

फ्यूजवाला, १८ जानेवारी, रात्री ११.१५

उशीर झाला. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, स्टॉलांचं काम होतं, संक्रांतीच्या आठवड्यात डोकं वर काढायला मिळत नाही. सिद्धेश्वराच्या सात मानाच्या काठ्या निघतात तेव्हा कुठली पुढं कुठली मागं याचा क्रम ठरलेला असतो. गर्दीत उभं राहून बघताना तुमची सगळ्यांची आठवण येत होती.

झालं असं. गेल्या शनिवारी पाळकसाहेबांचा फोन. पाण्याची पाळी होती, मोटर लावली की चर्चमधली लाईट जाते म्हणे. गेलो. मोटरच्या जोडात पाणी गेलं होतं, आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, पडत होती, म्हणजे तिचं काम ती करत होती. जुनी वायरिंग असती तर तिथं कोणीतरी चिकटलं असतं. तेव्हा तिथं होतं कोण, तर पेले घासायला आलेल्या तीन बायका, त्यात आमच्या घरचीही.

पाळकसाहेब म्हणाले, "अहो, नाताळला तुमचं नाव राहिलंच. सेक्रेटरींची चिठ्ठी दोन पानांची होती, मागचं पान उलटलंच नाही. येत्या रविवारी घेतो." मी म्हणालो, "अहो नको नको, त्यात काय." आणि म्हणताना हात तसाच हलला, २५ तारखेला मनात हलवला होता तसा. बायको बादलीपाशी उभी होती. तोंडाला पदर लावून हसली.

मग मी पाळकसाहेबांना म्हणालो, घ्या नाव, पण माझ्या भाच्याचं घ्या. पोरगं अकरा रात्री जागलंय, आणि मी या पूर्ण धाग्यात त्याचं कौतुक एका शब्दानं केलं नाही, हे मला कालच लक्षात आलं. आणि पेलेवाल्या बायकांची नावं एकेक करून घ्या. घेतली रविवारी. सात जणी आहेत. एकीचं नाव सेक्रेटरींना माहीतच नव्हतं, पंधरा वर्षं 'अमक्याची आई' म्हणत होते. ती उभी राहिली आणि स्वतःच सांगितलं.

माझं नाव त्यांनी तरी घेतलंच, शेवटी. बरं वाटलं. काय करणार.

टॉवेल_कामगार, १९ जानेवारी, सकाळी ६.४०

दादा, अवांतर विचारतो. आमच्या घरच्या अर्थिंगला मीठ-कोळसा घालून आठ वर्षं झाली. परत घालावं लागतं का?

फ्यूजवाला, १९ जानेवारी, सकाळी ८.०५

आधी मीटर लावून तपासून घे, मग ठरवू. मीठ हळूहळू पाण्याबरोबर निघून जातं. आणि आपल्याकडं मार्चपासून जमीन वाळते, भेगा पडतात, मग अर्थिंग असून नसल्यासारखं होतं. आठवड्याला बादलीभर पाणी ओतत जा त्या खड्ड्यात. पिण्याचं नको, कपडे धुतलेलं चालतं. रविवारी येतो बघायला, चहा ठेव.